शुगर रनच्या घळीतला धोका

८ जानेवारी २०१९, मंगळवार

अत्यल्प!

राज्याच्या कचेरीनं ओहायोतल्या सगळ्या काउंट्यांचा धोक्याचा नकाशा रंगवून पाठवलाय. पूर, टोर्नेडो, दरड, बर्फ, सगळं धरून प्रत्येक काउंटीला एक रंग. लाल म्हणजे फार धोका, पिवळा म्हणजे मधला, फिकट हिरवा म्हणजे काळजी नको. आमची काउंटी इतकी फिकट की लॉइस म्हणाली, "अगोबाई, आपल्या न्हाणीघराच्या फरशीचा रंग!" बायकोला रंग बरोबर कळतात.

मी काउंटीचा आपत्ती-अधिकारी. अर्धवेळ. म्हणजे पगार अर्धा आणि आपत्ती आख्खी. बाकीचा वेळ माझा खडी-मातीचा धंदा. एका भाड्याच्या ट्रकवर सुरू केला होता, आता पोकलेन आहेत, डंपर आहेत, शुगर रनच्या ओढ्याच्या तोंडाशी मोठं आवार आहे. हे पद काही माझी हुशारी बघून दिलेलं नाही. बर्फ उपसायची यंत्रं काउंटीपेक्षा माझ्याकडे जास्त, म्हणून दिलं.

दर पाच वर्षांनी काउंटीचा धोका नव्यानं मोजायचा असतो. यंदा आमची पाळी. आणि रंगावर सगळं ठरतं. लाल काउंटीतले बांध आधी तपासणार, मग पिवळीतले, मग वेळ उरला तर आमचे.

आमचा एकच बांध माझ्या डोळ्यात सलतो. घळीच्या वरच्या टोकाला जुन्या कोळशाच्या खाणीचं तळं. मातीचा बांध. खाणवाले केव्हाच गाशा गुंडाळून गेले, मागे पाणी ठेवून गेले. पाणउंदरांनी बांध पोखरून चाळण केलीय. खाली घळीत आमिश पोरांची शाळा; आमिश म्हणजे अजून घोडागाडीच्या काळात राहणारे आमचे ख्रिस्ती शेजारी. एकच खोली, तीसेक पोरं, ना फोन ना वीज. आणि घळीच्या तोंडाशी मी.

अत्यल्प म्हणे!

१५ जानेवारी

राज्याकडून बाई आली. रेनाटा कोलार. तिशीची असेल. चिखलात चालण्याजोगे बूट घालून आली होती, तिथंच मी तिला निम्मे मार्क दिले.

"मिस्टर फ्लिग, धोका म्हणजे काय होऊ शकतं, आणि झालं तर किती जातं. तुमच्याकडे गेल्या वीस वर्षांत काहीच गेलेलं नाही."

"काहीच?"

"नोंद नाही. विम्याचा दावा नाही, सरकारी मदतीचा अर्ज नाही."

"अहो, दोन वर्षांपूर्वी टोर्नेडो येऊन गेला की!"

तिनं कळ दाबली, पडद्यावर पाहिलं. "आला होता. नुकसान शून्य."

कॉफी नाकात गेली माझ्या. त्या टोर्नेडोत मॅहलन रेबरची घोडागाडी सफरचंदाच्या झाडावर जाऊन बसली होती. मीच पोकलेननं खाली उतरवली! शून्य!

पण बाईचं चुकत नव्हतं. आमच्याकडची निम्मी काउंटी आमिश. ते विमा घेत नाहीत, सरकारकडे हात पसरत नाहीत. मंगळवारी कोठार पडलं तर शनिवारी शे-दोनशे माणसं जमतात आणि संध्याकाळी नवं कोठार उभं. सोमवारी गायी आत. उभं राहिलं म्हणजे पडलंच नव्हतं, असा त्यांचा हिशेब. आणि त्यांच्यात राहून राहून आम्हा बाकीच्यांचाही.

रेनाटा म्हणाली, "मग त्यांना सांगायला लावा. मालकाची सही हवी. काय गेलं, कधी गेलं."

सोपं आहे म्हणालो. जीभ चावायला हवी होती.

१७ जानेवारी

मॅहलनकडे गेलो. दूध काढत होता. गायीच्या पोटाआडून बोलला.

"मॅहलन, टोर्नेडोत तुझं कोठार पडलं ना?"

"पडलं असं नाही म्हणता येणार."

"अरे, जमीनदोस्त झालं होतं! पाया मी खणला नव्याचा!"

"जरा बसलं होतं," मॅहलन म्हणाला.

त्याची बायको एल्मा दारात बादली घेऊन उभी. हसू दाबत म्हणाली, "वेंडेल, त्या दिवशी माझी तीन मडकी लोणची फुटली. ते लिही हवं तर."

"लोणचं चालणार नाही गं. कोठार हवं."

"मग काही नाही बाई," म्हणाली आणि गेली. जाताना दालचिनीचे रोल हातात कोंबले. माणूस रिकामा परत जाता कामा नये — आणि मी मात्र रिकामाच परतलो.

१ फेब्रुवारी

आज पाच घरं. पाचही ठिकाणी कॉफी. नुकसान कुठंच नाही. पित्त मात्र झालं.

९ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी त्यांच्या बिशपकडे, म्हणजे धर्मगुरूकडे गेलो. रोमन कीम. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कान ससाण्याचे. ससाण्याचे कान नसतात म्हणे, पण रोमनला भेटल्याशिवाय तसं म्हणू नये. घोड्याला नाल ठोकत होता. मी सगळं सांगितलं: रंग, बांध, शाळा. त्याची दोन नातवंडं त्याच शाळेत आहेत, हेही त्याला आठवण करून दिलं.

"मला माहीत आहे कुठं आहेत ती," रोमन म्हणाला.

"मग सही करा ना लेको! सही म्हणजे काय, तुमचा गळा कापणार आहे का कोणी?"

त्यानं खुराला हळूच थोपटलं. "सही केली म्हणजे मागितलं. मागितलं म्हणजे शेजारी कमी पडला असं म्हटलं. कोण कमी पडलं, वेंडेल? तू पडलास?"

मी दुसरा नाल त्याच्या हातात दिला. मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

"बांधाची भीती मला नाही असं समजू नकोस," तो म्हणाला. "मी रोज बघतो त्याच्याकडे. पण जे मिळालं त्याला गेलं म्हणायला लावू नकोस माणसांना."

परत येताना लॉइसला सांगितलं. म्हणाली, "बरोबर बोलला. आणि तूही बरोबर आहेस. आता जेव."

१४ फेब्रुवारी

बाईला काउंटी वरून दाखवायला टेकडीच्या कण्यावर नेलं. मॅहलनचं वरचं कुरण तिथंच आहे. वितळतं बर्फ, लखलखीत ऊन. तिकडून बांध दिसतो, घळ दिसते, शाळेचं धुराडं दिसतं, अगदी माझं आवारही. तिनं बांधाचे फोटो काढले. मी म्हटलं, फोटोत पाणउंदीर येत नाहीत. ती हसली नाही. मग दुसरीकडेच बघत राहिली.

"मिस्टर फ्लिग, ते पत्रे एका रांगेत का आहेत?"

"कुठले?"

"चमकणारे."

मी बघितलं. इतकी वर्षं त्या रस्त्यांवर डंपर हाकतोय, पण खालून! नैऋत्येकडून ईशान्येकडे कोठारांचे नवे पत्रे ओळीनं चमकत होते, पट्टी ठेवून रेघ मारावी तसे. दोन्ही बाजूंना जुनी काळपट कोठारं, आणि मधून ती चकचकीत रेघ. टोर्नेडो गेलेली वाट!

तिनं कॅमेरा त्या रेघेवरून हळूहळू फिरवला. मग ती म्हणाली, "हे तर मला दिसलं. पण पडल्याचा साक्षीदार लागेल. मालकच असावा असं नाही, पाहिलेला माणूस चालेल."

मी म्हटलं, "बाई, त्यातल्या प्रत्येक कोठाराचा पाया खणणारा माणूस तुमच्या शेजारी उभा आहे."

पाहिल्याची साक्ष द्यायला कोणी बंदी केलेली नाही. त्यांनी मागितलं नाही — मी पाहिलं. रोमनलाही यात बोट ठेवायला जागा नाही.

२० फेब्रुवारी

साक्ष दिली. बोलता बोलता घसा बसला. शेवटी ती म्हणाली, "आता पुरे." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला असं म्हटलं आणि लॉइस तिथं नव्हती.

१२ मार्च

पिवळा! काउंटी पिवळी झाली. लॉइस म्हणते, काविळीचा आनंद करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

पण बांधाची पाळी ऑगस्टमध्ये. मधे सगळा पावसाळी वसंत आहे. मी फोनवर भांडलो. रेनाटा म्हणाली, तिच्याही वर माणसं आहेत. खरं असावं, आवाज पडला होता तिचा. मग म्हणाली, तोवर एक भोंगा देऊ शकते. खांबावर बसवायचा, धोका दिसला की वाजवायचा.

विजेचा खांब घळीत एकच, माझ्या आवारात. तिथंच बसवायचा ठरला.

२८ मार्च, गुरुवार

आज भोंग्याची चाचणी. हसावं का रडावं कळत नाही, म्हणून लिहितो.

तयारी चोख होती. दोन रविवार आधी रोमननं उपासनेनंतर सगळ्यांना समजावलं होतं: भोंगा वाजला म्हणजे बांधाचं पाणी येतंय असं समजा. पेंडीच्या दुकानात मी स्वतः घसा फोडून सांगितलं. शाळेत जाऊन मास्तरीणबाई लिअ‍ॅनाला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमिश माणूस मान डोलावतो तेव्हा त्याला कळलेलं असतं. तो उगीच नाही डोलावत.

दुपारी रेनाटा आली, कागद लावलेली पाटी हातात. मी कळ दाबली. काय आवाज! लॉइसनं कानात बोटं घातली, आमचा कुत्रा डंपरखाली.

मग आम्ही टेकडीकडे बघत राहिलो. लोक वर चढताना दिसायला हवे होते.

टेकडीवर कोणी नाही.

"उशीर लागतो," मी म्हटलं.

आणि मग रस्त्यावर टापा ऐकू आल्या. एक घोडागाडी. मागे दुसरी. मग रांगच! खालच्या रस्त्यानं, वरच्या रस्त्यानं, शेतातून पळत — माणसं खाली येत होती. फावडी, दोरखंड, बादल्या. कोणी पोती आणली होती वाळू भरायला. आणि घळीतून लिअ‍ॅना, मागे तीसच्या तीस पोरं दोन-दोनच्या जोड्यांत, शिस्तीत, सरळ माझ्या आवारात.

सगळी घळ माझ्या आवारात! पाणी खरंच आलं असतं तर एकही उरला नसता.

मॅहलन घामाघूम. मी त्याच्या अंगावर धावलो. "अरे, भोंगा म्हणजे पाणी येतंय! सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं की. म्हणून तर आलो!"

"म्हणून आलास?"

"पाणी येणार म्हणजे पहिलं तुझं आवार जाणार. तुझी यंत्रं कोण हलवणार, तुझा बाप?" एवढं बोलून तो डंपरला दोर बांधायला लागला. चाचणी आहे हे त्याला एव्हाना कळलं होतं. तरीही बांधला! "आलोच आहे तर," म्हणाला.

लिअ‍ॅनाला विचारलं. वीसेक वर्षांची पोर, लाजून लाल. "मोठी माणसं जिथं धावतात तिथं पोरांना नेलं. एकटी वर कशी नेऊ?"

रेनाटा तशीच उभी. तिच्या पाटीवर एक रकाना आहे: 'परस्परांना मदत'. आमची काउंटी त्यात राज्यात वरच्या नंबरात. त्यासाठी धोक्यातून गुण वजा होतात. तिनं पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली.

"मिस्टर फ्लिग, हे मी कुठं लिहू?"

मी डंपरखालून कुत्र्याला ओढायला वाकलो. एल्मा मात्र तोवर टोपलीतून सँडविच वाटायला लागली होती.

२ एप्रिल

रोमन आला. चार दिवस बोलला नव्हता कोणाशी, म्हणे. आवारात भोंग्याच्या खांबाखाली उभा राहून वर बघत राहिला.

"लोकांना पुन्हा समजावून सांग," मी म्हटलं. "आवाज आला की पळून जायचं."

"नाही जाणार."

"तू सांगितलंस तरी?"

"मी सांगितलं तरी मीच येईन," तो म्हणाला. "लहानपणापासून घंटा वाजली की घंटेकडे. आग, अपघात, गाय विहिरीत — घंटेकडे. माझ्या बापाच्या बापापासून. हे पाय बोलण्यानं वळायचे नाहीत."

कुत्रा येऊन त्याच्या बुटावर बसला.

"वेंडेल, खडी टाकायचं तुझं सगळ्यात उंचावरचं काम कुठं झालं?"

"मॅहलनच्या वरच्या कुरणात. का रे?"

"लोक आवाजाकडे येतात," रोमन म्हणाला. "तू आवाज खाली टांगलास."

मी कपाळावर हात मारला. मग दोघं इतके हसलो की लॉइस दारात आली, बघायला कोणाला काय झालं.

१२ एप्रिल

घंटा बसली. मॅहलनच्या वरच्या कुरणात, टेकडीच्या कण्यावर. शेतातल्या माणसांना जेवायला बोलवायची जुनी ओतीव लोखंडाची घंटा, रोमनच्या घरची. खांब मी रोवला, काँक्रीट मी ओतलं. भोंगा काढून झाकून ठेवला.

मॅहलनला बांधाखाली नेलं. त्याच्या गायी तिथंच चरतात, दिवसातून दोनदा तो बांधाशी असतोच. झिरपणारं पाणी तळहातावर घेऊन दाखवलं. "हे बघ, स्वच्छ आहे. झिरपू दे, बांध झिरपतातच. पण गढूळ आलं की समजायचं आतून माती वाहायला लागली. गढूळ दिसलं की कुणाला विचारत बसायचं नाही. घंटा."

"तुला पण विचारायचं नाही?"

"मला तर मुळीच नाही."

"ते बरं," मॅहलन म्हणाला. "तुझं बोलणं संपेतो बांध फुटेल."

२४ एप्रिल

कालपासून पाऊस. ओढा पुलाला टेकलाय.

२६ एप्रिल, शुक्रवार

आज फुटला.

सकाळची न्याहारी झाली होती. मी आवारात, पोकलेनवर, ओढ्यातली झाडं काढत होतो. पावसात घंटा नीट ऐकू येईना. आधी वाटलं, कुठं साखळी वाजतेय. मग लॉइस पळत आली.

"घंटा!"

"ऐकली. वर जाऊन बांधाला बाजूनं चर काढतो, पाणी उतरेल —" मी यंत्र वळवलं. खरंच वळवलं. तीस वर्षं याच कामात गेली. पाणी चढलं की वाट करून द्यायची, एवढंच येतं मला.

लॉइस यंत्रासमोर उभी राहिली. चिखलात, सपाता घालून. "घंटा कुठं वाजतेय ते सांग."

"टेकडीवर."

"मग?"

उतरलो. किल्ली तशीच राहिली. दोघं टेकडी चढलो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

वर सगळे होते. लिअ‍ॅना पोरं मोजत होती. पुन्हा पुन्हा, ओठ हलवत. मॅहलन घंटेचा दोर सोडायला तयार नव्हता. एल्मानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

बांध आवाज न करता गेला. मधून खचला, जसा माणूस खुर्चीत बसतो तसा. मग घळीतून तपकिरी पाणी. शाळा क्षणभर तरंगली. धुराडं सरळ, जणू कुठं निघाली होती. मग नाही. पुढं माझं आवार. डंपर आडवे झाले. ज्या पोकलेनवरून मी उतरलो ती दिसलीच नाही.

आणि तेव्हा ते लोक हलले. मला कळलं काय होतंय ते. मागची पोरंटोरं नव्हे, कर्ती माणसं. डोळे माझ्या आवाराकडे. दोघांनी फावडी उचलली. मॅहलन पहिला.

रोमन त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"वेंडेलचं आवार उद्या," म्हणाला.

कोणी हललं नाही मग. पाऊस पडत होता. पोरांनी गाणं सुरू केलं, सकाळी शाळेत म्हणतात ते. बाई म्हणाली म्हणून नाही, वेळ झाली होती म्हणून.

पाणी ओसरायला लागल्यावर मी रोमनला म्हटलं, "शाळा गेली रे."

"हं. तशीही सुट्टी लागायला आठवडाच होता."

२७ एप्रिल, शनिवार

रेनाटाचा फोन. म्हणाली, आता तरी नीट नोंद करू या, सगळं लाल होईल, बाकीच्यांचं मी बघते, पण तुमचं तुम्ही सांगा — तुमच्याकडे विमा आहे, तुम्हाला सही करायला कोणाची आडकाठी नाही. काय काय गेलं, मिस्टर फ्लिग?

घर उंचवट्यावर म्हणून वाचलं होतं; खिडकीतून बघितलं. उजाडल्यापासून आवारात आमिशांच्या गवती टोप्याच टोप्या. घोड्यांनी माझा डंपर सरळ केला होता. लॉइस आणि एल्मा फळीवर कॉफी मांडत होत्या. मॅहलन गाळातून पोकलेनची किल्ली शोधून काढल्याचं ओरडून सांगत होता. पोकलेन अजून सापडायची होती.

म्हणालो, "काही नाही गं. जरा बसलंय."